वाकनला जायचंय? व्हिसापासून चिखलापर्यंत सगळं क्रमाने

उत्तर जर्मनीत, हॅम्बुर्गपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर वाकन नावाचं खेडं आहे (मुंबई-गोवा रस्त्यावरचं आपलं वाकण नव्हे). वस्ती जेमतेम दोन हजार, आजूबाजूला कुरणं आणि मका. १९९० साली थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर या दोघा स्थानिक पोरांनी गावाजवळच्या खडीच्या जुन्या खाणीत दोन दिवस बँड वाजवले, तेव्हा आठशेएक माणसं जमली होती. आता जुलै संपून ऑगस्ट लागताना तिथे पंच्याऐंशी हजार मेटलवेडे उतरतात. हाच तो वाकन ओपन एअर, हेवी मेटल संगीताचा महोत्सव.

आपल्याकडच्या मेटल ऐकणाऱ्यांना हे नाव नवं नाही. मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन, बंगळुरूचा क्रिप्टॉस, दिल्लीचा ब्लडीवुड हे सगळे तिथे वाजवून आलेत. ब्लडीवुडचा २०१९ चा तिथला कार्यक्रम तर कित्येकांनी मोबाइलवर पाहिलाय, आणि त्यानंतर 'आपणही एकदा जाऊ' म्हणणारे वाढलेत. मी जाऊन आले आहे हे कळलं की लोक प्रश्न विचारतात, पण उलट्या क्रमाने. मोश पिटमध्ये, म्हणजे मंचासमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात तिथे, चेंगरायला होतं का, हा पहिला. व्हिसाचा अर्ज कधी करायचा, हा सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा उशिरा. खरं तर पिटमध्ये काही होत नाही. माणसं अडकतात ती कागदपत्रांत, आणि तिथे पोहोचल्यावर शेतात राहण्यात. गाणी ऐकायला जाताय हे बरोबरच, पण त्यासाठी परक्या मुलखातल्या एका शेतात चार-पाच रात्री काढायच्या आहेत, हे धरूनच तयारीला लागा.

१. तिकीट: आधी हेच, बाकी सगळं नंतर

यंदाचा महोत्सव संपला की लगेच, त्याच आठवड्यात, पुढच्या वर्षीची तिकीटविक्री सुरू होते. म्हणजे वर्षभर आधी निर्णय घ्यावा लागतो. त्या वेळी थोडेच बँड जाहीर झालेले असतात, उरलेले हिवाळाभर हप्त्याहप्त्याने कळतात. 'आवडता बँड आला तरच घेईन' असं म्हणत बसलात तर तिकीट हुकायची शक्यता जास्त. २०२३ च्या महोत्सवाची सगळी तिकिटं विक्री उघडल्यावर काही तासांतच संपली होती. दरवर्षी इतकी घाई होत नाही, पण त्या भरवशावर राहू नये.

जर्मनीत उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे वेळ असते. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. विक्री संध्याकाळी उघडणार असेल तर तुम्हाला जागावं लागेल, एवढंच.

खरी मेख कार्डाची. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. हे आदल्या दिवशी करा, आणि एखादी किरकोळ परदेशी खरेदी करून कार्ड चालतंय ना ते बघून घ्या. रात्री पावणेबाराला ग्राहक सेवा केंद्राचं संगीत ऐकत बसायची वेळ येऊ नये.

२०२४ साठी चार दिवसांचं तिकीट ३३३ युरो होतं. तंबू ठोकायची जागा त्यातच आली. गाडी घेऊन येणारे आणि पायी येणारे यांच्यासाठी वेगवेगळी व्यवस्था असते, त्यामुळे घेताना नीट वाचा. अधिकृत संकेतस्थळ सोडून दुसरीकडे घेऊ नका. समाजमाध्यमांवर 'माझं जादा आहे' म्हणणारे जुलैत उगवतात. त्यातले काही खरे असतीलही, पण ते ओळखायचं कसं याला काही उपाय नाही.

२. व्हिसा: फार आधी नको, फार उशीर तर नकोच

शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. महोत्सव जुलैअखेर, म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून खिडकी उघडते. मी म्हणेन मार्च-एप्रिलमध्ये उरकून टाका. एप्रिलनंतर मे महिन्याच्या सुट्टीत युरोप फिरायला निघालेल्या कुटुंबांची गर्दी होते आणि भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, अडलं तर पंचेचाळीसपर्यंत जातात.

जर्मनीत सगळ्यात जास्त दिवस राहणार असाल तर अर्ज जर्मनीकडेच करायचा. वाकन चार दिवस आणि मग पॅरिस-ॲमस्टरडॅम दहा दिवस असा बेत असेल तर गणित बदलतं. ज्या देशात जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा घोळ वाढवू नये. हॅम्बुर्ग, वाकन, जमलं तर ल्युबेक किंवा बर्लिन, एवढ्यात भागवा.

लागणारी कागदपत्रं:

– पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी
– भरलेला अर्ज आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे दोन फोटो (फोटोवाल्याला 'शेंगेनचा फोटो' म्हटलं की कळतं)
– प्रवास विमा, किमान ३०,००० युरो वैद्यकीय संरक्षणाचा, सगळे दिवस धरून
– विमानाचं आरक्षण, जाण्याचं आणि येण्याचं
– राहण्याचा पुरावा
– तीन महिन्यांचं बँकेचं विवरण, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्र
– कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र. स्वतःचा धंदा असेल तर नोंदणीचे कागद
– दिवसवार कार्यक्रम आणि एक साधं पत्र: कोण, कुठे, कशासाठी, कधी परत
– महोत्सवाच्या तिकिटाची प्रत

शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, ते रुपयांत भरायचं. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

राहण्याच्या पुराव्यापाशी बहुतेकांची गाडी अडते. चार रात्री तुम्ही तंबूत असणार, मग हॉटेलचा कागद आणायचा कुठून? सरळ मार्ग असा: आधीच्या आणि नंतरच्या रात्रींचं हॅम्बुर्गमधलं खरं आरक्षण जोडा, आणि मधल्या रात्रींसाठी तिकिटाची प्रत लावून पत्रात लिहा की या तिकिटात तळावर राहण्याची सोय धरलेली आहे. तारखा एकमेकींना चिकटल्या पाहिजेत, मधली एकही रात्र अधांतरी राहता कामा नये. काही एजंट 'दाखवण्यापुरतं' हॉटेल काढून देतात आणि दुसऱ्या दिवशी रद्द करतात. या भानगडीत पडू नका. तपासणीत सापडलं तर या अर्जासोबत पुढचे अर्जही अडचणीत येतात.

आणखी एक. अर्जाच्या आठवड्यात मामांकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकायचे, ही जुनी युक्ती बँकेच्या विवरणात ठळक दिसते. तीन महिने आधीपासून पैसे खात्यात साठू द्या.

हेतू लपवायचं काही कारण नाही. 'पर्यटन, हेवी मेटल संगीत महोत्सव' असं स्वच्छ लिहा. खिडकीपलीकडच्या माणसाला त्यात काडीचंही नवल वाटत नाही. घरच्यांना वाटतं, पण तो वेगळा लेख होईल.

३. विमान, आगगाडी, बस

मुंबईहून हॅम्बुर्गला थेट विमान नाही. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला थेट जाता येतं आणि पुढे आगगाडी. नाहीतर दुबईमार्गे सरळ हॅम्बुर्ग गाठा. फ्रँकफर्टहून वेगवान गाडीने चारएक तास लागतात. हॅम्बुर्ग विमानतळावरून एस-१ लोकल पंचवीस मिनिटांत मुख्य स्थानकावर सोडते.

तिथून पुढे इट्सेहो. वाकनला स्वतःचं चालतं रेल्वे स्थानक नाही, महोत्सवाला जाणारे इट्सेहोला उतरतात. हॅम्बुर्गहून प्रादेशिक गाडीने तासाभराचं अंतर. डब्यात शिरलात की चुकलो तर नाही ना ही शंका मिटते, कारण निम्मा डबा काळ्या टी-शर्टांचा आणि पॅच शिवलेल्या बिनबाह्यांच्या जाकिटांचा असतो. स्थानकाबाहेर महोत्सवाच्या बस उभ्या असतात.

तिकिटाचा सापळा लक्षात घ्या. 'डॉइचलांड-टिकेट' हे सगळ्या देशभर लोकल-प्रादेशिक गाड्यांना चालणारं मासिक तिकीट स्वस्त पडतं (२०२५ मध्ये ५८ युरो), पण ती वर्गणी असते. दहा तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. शिवाय ते कॅलेंडरच्या महिन्याला बांधलेलं, आणि वाकन नेमकं दोन महिन्यांच्या सांध्यावर येतं. जुलैचं तिकीट दाखवून ऑगस्टमध्ये परत येता येत नाही. तीन-चार जण असाल तर श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याचं एक दिवसाचं गट-तिकीट बघा. पाच जणांपर्यंत चालतं, हॅम्बुर्गही त्यात येतं. फक्त आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर.

४. सामान

आपल्याला पाऊस माहीत आहे, पण पावसात तंबूत राहायचं माहीत नसतं. ऑगस्टमध्ये तिथे दिवसा वीस-बावीस अंश, रात्री बारा-तेरा. महाबळेश्वरच्या थंडीइतकंच, पण खाली ओली जमीन. महोत्सवाचं घोषवाक्यच आहे 'रेन ऑर शाइन', आणि ते गमतीने लिहिलेलं नाही. २०२३ साली इतका पाऊस झाला की शेतं गाड्यांचं वजन पेलेनात, म्हणून आयोजकांनी प्रवेशच थांबवला. पंच्याऐंशी हजारांपैकी हजारो जण बाहेरच राहिले. त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण विमानाचे आणि हॉटेलचे कोण देणार? जमेल तितकी परतावा मिळणारी आरक्षणं करा आणि महोत्सव सुरू व्हायच्या आधीच पोहोचा.

इथून न्यायचं:

– गमबूट. गुडघ्याखालपर्यंतचे, आधी घरात दोन-तीन तास घालून बघितलेले. घोटा घासला तर चार दिवस रडाल.
– गमबुटाच्या वरपर्यंत येणारे लोकरी किंवा जाड मोजे, रोज एक जोड आणि दोन जादा. हे कमी पडतात, कायम.
– टोपीचं रेनकोट-जाकीट आणि पावसाळी पँट. छत्री नको, गर्दीत मागच्याला दिसत नाही आणि काडी कुणाच्या तरी डोळ्यात जाते.
– थंडीची झोपपिशवी आणि तिच्याखाली घालायची फुगवायची गादी. गादी टाळू नका. थंडी खालून येते.
– डोक्याला बांधायची बॅटरी, कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या (ओले कपडे, कोरे कपडे, चिखलाचे बूट), दोरी, कपड्याचे चिमटे, चिकटपट्टी
– पॉवर बँक, विमानात जवळच्या पिशवीतच. १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण सत्तावीस हजार मिलिअँपिअर. चेक-इनच्या बॅगेत ठेवलीत तर बॅग उघडली जाईल.
– नेहमीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, क्रॅम्पची गोळी, मलमपट्टी
– टमरेल. हसू नका. फोल्डिंग मग किंवा प्रवासी जेट-बाटली. तळावरचे फिरते संडास कागदावर चालतात आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला माझी आठवण येईल.

तंबू इथून न्यायचा की तिथे घ्यायचा? दोघांचा हलका तंबू तीन किलोच्या आत मिळतो, तो न्या. हवेत फेकला की उघडतो तो गोल तबकडीसारखा तंबू मोहात पाडतो, पण विमान कंपनीच्या मापात बसत नाही. गॅसचं डबडं विमानात नेता येत नाही, तेव्हा चुलीचा विचारच सोडा. पैसे असतील तर आयोजकांकडून उभा केलेला तंबू किंवा खोली भाड्याने मिळते. महाग पडतं, पण चाळिशीतल्या पाठीला परवडतं.

कपड्यांबद्दल एक गंभीर सूचना. स्वस्तिकाची किल्ली-साखळी, गाडीवरून काढलेला स्टिकर, लग्नात मिळालेली स्वस्तिक छापलेली कापडी पिशवी, यातलं काहीही नेऊ नका. जर्मनीत नाझी चिन्हं दाखवणं गुन्हा आहे. तुमचं चिन्ह धार्मिक असलं तरी तंबूच्या दारात प्रत्येकाला ते समजावत बसावं लागेल. याच कारणासाठी, मेटलमधल्या काही गटांचा नाझी विचारांशी संबंध आहे, त्यांचे टी-शर्ट 'नुसतं डिझाइन भारी' म्हणून घालू नका. तिथल्या लोकांना ते कुणाचं ते बरोबर कळतं.

५. खाऊ आणि कस्टम

युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या, तुपातले लाडू सगळं बाद. आईने कितीही घट्ट बांधून दिलं तरी. तेलातली शंकरपाळी, बाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चिक्की, कोरडं मेतकूट चालतं. ताजी फळं-भाज्याही टाळा.

तिथे शाकाहाऱ्यांचे हाल होतात हा गैरसमज आहे. चीज-मशरूम भरलेला गरम पाव, बटाट्याचे तळलेले प्रकार, नूडल्स, बऱ्यापैकी व्हीगन खाणंही मिळतं. मीठ-तिखट मात्र तुमचं तुम्ही न्या. मी लसणाची कोरडी चटणी छोट्या डबीत नेली होती. शेजारच्या तंबूतल्या दोघा फिन्निश पोरांनी ती बटाट्यावर टाकून संपवली आणि मग पुढचे दोन दिवस माझ्यासाठी कॉफी आणत राहिले.

६. पोहोचलात की

तळ सोमवार-मंगळवारपासूनच भरायला लागतो. बुधवारी दुपारी उगवलात तर पाण्याच्या नळापासून आणि मैदानापासून दूरची जागा मिळते, आणि ते अंतर रात्री दोनला चिखलातून चालायचं असतं.

दारावर तिकीट दाखवून मनगटावर कापडी पट्टा बांधून घ्यायचा. हा पट्टा महोत्सव संपेपर्यंत काढायचा नाही. काढला तर संपलं. आंघोळीला, झोपायला, सगळीकडे तो हातावरच. मैदानात रोख पैसे चालत नाहीत, पट्ट्यातल्या चिपमध्ये भरलेल्या पैशांतून सगळं घ्यायचं. गावात मात्र रोख लागते, तेव्हा पन्नास-शंभर युरो सुटे ठेवा.

तंबू ठोकताना उतार बघा. सपाट दिसणाऱ्या कुरणातही खळगे असतात आणि पाणी तिथेच जमतं. ट्रॅक्टरच्या चाकांच्या जुन्या वाटेवर तर चुकूनही नको. खुंट्या तिरक्या मारा, वरचं कापड आतल्याला चिकटू देऊ नका, आणि खालचं प्लॅस्टिक तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी त्यावरून आत येतं. तंबूवर ओळखीचं काहीतरी लावा. मी जुनी भगवी ओढणी काठीला बांधली होती. अंधारात हजारो हिरव्या-करड्या तंबूंमधून आपला शोधताना ती सोन्यासारखी वाटली.

काचेची बाटली तळावर चालत नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे पत्र्याचे डबे फेकू नका. बहुतेकांवर पंचवीस सेंट अनामत घेतलेली असते, दुकानात परत दिली की मिळते. पेल्यांवरही अनामत असते.

मैदानात मोठी पिशवी नेता येत नाही. साधारण ए-फोर कागदाएवढी चालते, पण त्या वर्षीचा नियम वाचून जा.

दुपारी एकदा गावात चक्कर मारा. लोक अंगणात टेबलं मांडून न्याहारी विकतात, पोरं हातगाडीवरून सामान पोहोचवून खाऊचे पैसे कमावतात, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून रस्त्यावरची वरात बघतात. अग्निशमन दलाचा बँड, ट्रंपेट-ढोलवाला, युनिफॉर्मसकट, दरवर्षी इथे वाजवतो आणि त्याला बाहेरून आलेल्या मोठमोठ्या बँडइतक्या टाळ्या पडतात. मला वाकन सगळ्यात जास्त आवडलं ते इथे.

७. कुणाला ऐकायचं

वेळापत्रक आधीच ॲपवर येतं. मुख्य दोन मंच, 'फास्टर' आणि 'हार्डर', शेजारी-शेजारी आहेत आणि आळीपाळीने वाजतात. एकावर कार्यक्रम चालू असताना दुसऱ्यावर मांडामांड. त्यामुळे मध्यभागी उभं राहिलं की दोन्ही सापडतात. दोन्हींच्या मधे बैलाची भलीमोठी कवटी आहे, रात्री तिच्यातून ज्वाळा निघतात. 'लाउडर' आणि तंबूतले छोटे मंच मात्र त्याच वेळी चालू असतात, तेव्हा निवड करावी लागते.

सगळं बघायचं ठरवाल तर काहीच धड दिसणार नाही. दिवसाला चार बँड पक्के करा, बाकी वाटेत भेटतील ते.

जायच्या आधी दोन-तीन महिने जर्मन बँड ऐकून ठेवा, कारण त्यांच्या गाण्यांना तिथे सगळं मैदान तोंडपाठ गातं आणि आपण नुसते बघत राहतो. हॅम्बुर्गचाच हॅलोवीन आणि क्रेफेल्डचा ब्लाइंड गार्डियन सुरांचे, कोरसचे. क्रिएटर, सोडोम, डिस्ट्रक्शन हे तिघे थ्रॅशवाले, वेगाचे. गायिका डोरो पेश ही वाकनची घरचीच मानली जाते. ज्यांना गुरगुरणारा आवाज अजून पचत नाही त्यांनी हॅलोवीनपासून सुरुवात करावी. आयर्न मेडन आवडत असेल (२००८ च्या १ फेब्रुवारीला वांद्रे-कुर्ला संकुलात जगदौऱ्याचा पहिला कार्यक्रम करून गेलेले तेच) तर हे लगेच जमेल.

सकाळचे अनोळखी बँड चुकवू नका. 'मेटल बॅटल' ही नव्या बँडची स्पर्धा त्याच काळात असते, देशोदेशीचे विजेते तिथे वाजवतात आणि आपल्या उपखंडातूनही बँड येतात. त्यांच्यासमोर गर्दी कमी असते. आपली दहा माणसं पुढे उभी राहून ओरडली तर मंचावरच्यांना ते दिसतं.

मोटरहेड या ब्रिटिश बँडचा गायक लेमी २०१५ च्या डिसेंबरात गेला. त्याच्या रक्षेचा काही भाग २०२३ पासून वाकनमध्ये आहे. त्याच्या नावाचा घोट घेणारे लोक दिसले तर थांबा, गंमत म्हणून फोटो काढू नका.

८. कान

याला वेगळा आकडा दिलाय कारण लोक हेच सोडून देतात. ८५ डेसिबल आठ तास सहन होतात असं धरलं जातं, आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. तुम्ही रोज दहा तास उभे राहणार.

संगीतासाठीचे गाळणीवाले इअरप्लग घ्या, हजार-दोन हजारांत मिळतात. आवाज कमी होतो, पण झांजा आणि शब्द स्वच्छ ऐकू येतात. फोमचे पिवळे बोळे झोपताना वापरा, कारण शेजारचा तंबू पहाटे चारपर्यंत झोपत नाही. पिटमध्ये एक हमखास पडतो, म्हणून जादा जोड खिशात ठेवा.

९. पिट

आधी कडेने बघा. मोश पिट म्हणजे एकमेकांवर आदळणं, सर्कल पिट म्हणजे गोल धावणं, 'वॉल ऑफ डेथ' म्हणजे गर्दी दोन भागांत फाकून एका इशाऱ्यावर एकमेकांवर धावणं. शेवटचा प्रकार पहिल्या वर्षी लांबूनच.

नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळे पाळतात. कुणी पडलं की शेजारचे चार हात लगेच उचलतात, तुम्हीही उचला. कोपर छातीपाशी, मुठी वळून फिरवायच्या नाहीत. खिळ्यांचे पट्टे, चष्मा, लोंबणारी साखळी आत नको. मोबाइल चेनच्या खिशात. बुटाची नाडी सुटली तर बाहेर येऊन बांधा. गर्दीच्या हातांवर झेलली जात डोक्यावरून माणसं वाहत येतात, मागे अधूनमधून बघत राहा, नाहीतर कुणाचा तरी बूट मानेवर येईल. बाहेर पडायचं असेल तर हात वर करून कडेला चाला, रस्ता मिळतो.

बायकांनी एकटीने जावं का, असं मला हटकून विचारलं जातं. मी एकटीच गेले होते. पुण्यातल्या गणपतीच्या गर्दीत जितकी सावध असते तितकीही तिथे राहावं लागलं नाही. दारू मात्र भरपूर वाहते, तेव्हा आपला पेला आपल्या हातात ठेवणं आणि मुक्कामाची जागा कुणाला तरी सांगून ठेवणं, एवढं करायचंच. काही खटकलं तर सुरक्षारक्षकांना लगेच सांगा, ते दुर्लक्ष करत नाहीत.

मान जपा. पहिल्या रात्री जोरात डोकं झटकलं की दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. कमरेतून झुका, नुसत्या मानेतून नको.

१०. रविवार

शनिवारी रात्री शेवटचा बँड संपतो आणि रविवारी सकाळी सगळे एकदम निघतात. बससाठी रांग, इट्सेहोला फलाटावर पाय ठेवायला जागा नाही, गाड्या उशिरा. रविवारच्या दुपारचं विमान काढू नका. सोमवारचं काढा, एक रात्र हॅम्बुर्गमध्ये खऱ्या गादीवर झोपा, खऱ्या नळाखाली आंघोळ करा.

तंबू तसाच टाकून येऊ नका. ओला असला तरी काळ्या पिशवीत कोंबा आणि घरी गच्चीवर वाळवा. गमबूट हॉटेलच्या न्हाणीघरात धुवायच्या आधी विचारा. युरोपातला चिखल विमानात घेऊन आलात तर मुंबईत बॅग उघडताना वास येईल, म्हणून तिथेच धुतलेले बरे. पट्ट्यात उरलेले पैसे परत मिळतात, पण त्यासाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि त्याला मुदत असते. विमानतळावर बसल्या बसल्या करून टाका.

कानात शिट्टी वाजत असेल तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत थांबते. तीन दिवसांनंतरही थांबली नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, आणि तोवर हेडफोन बाजूला ठेवा.